व्यवहार-विवेक : गाडी खाली बसवण्याचा हिशोब

व्यापारी घरात कोणतीही वस्तू येते तेव्हा दोन प्रश्न परंपरेने विचारले जातात. किंमत किती आणि टिकणार किती? वाहनाच्या बाबतीत या दोन प्रश्नांना तिसरा जोडावा लागतो : त्यात बसणारे कोण आणि ते जाणार कोणत्या रस्त्याने? हा तिसरा प्रश्न न विचारता गाडीत केलेला बदल कितीही देखणा असला, तरी घराच्या खातेवहीत तो पुढे तोट्याच्याच बाजूला लिहिला जातो.

धामणगाव रेल्वे येथील कापूस-सरकीचा व्यापार करणारे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात चार माणसे कमावती, एक शिकून परतलेला मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या आजी. अंगणात एक सेडान गाडी. पुण्यात चार वर्षे राहून आलेल्या मुलाच्या मनात तिच्याविषयी एकच खंत होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दिसणारी पोकळी त्याला खटकत असे. गाडी उंच टाचांवर उभी असल्यासारखी दिसते, ती चार बोटे खाली बसली तर डौलदार दिसेल आणि वळणावर झुलणार नाही, असे त्याचे म्हणणे. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. कारखान्याने विचार करूनच उंची ठेवली असेल. शिवाय आजींच्या कमरेचा मणका दुखतो आणि वर्षातून दोनदा अमरावती-परतवाडा मार्गे मुक्तागिरीला जायचे असते. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच वाद लांबला. जेवणाच्या पंक्तीत गाडीचा विषय निघाला की ताटावरचे बोलणे थांबू लागले.

या वादाचा निकाल लागला तो मोजमापाने, आणि त्याचा सल्ला दिला गॅरेजच्या मिस्त्रीने. मुलाने आधी त्याला विचारले होते की स्प्रिंगचा एक वेढा कापून देशील का. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आधी मोजून घ्या न. मंग कापाले काय उशीर हाये?"

काय मोजायचे, हे समजण्यासाठी स्प्रिंगचे काम समजून घ्यावे लागते. गाडीचे वजन स्प्रिंगवर टेकलेले असते. चाक खड्ड्यात उतरते किंवा गतिरोधकावर चढते तेव्हा स्प्रिंग दबते किंवा उलगडते आणि त्या वेळेपुरती गाडीची बैठक धक्क्यापासून वेगळी राहते. स्प्रिंगला वर दबण्यासाठी जेवढी जागा उरलेली असते, तिला चाल म्हणावे. चाल संपली की लोखंडाचा लोखंडावर आघात होऊ नये म्हणून शेवटी एक रबरी ठोकळा बसवलेला असतो. गॅरेजच्या बोलीत त्याला बंप-रबर म्हणतात. गाडी त्या रबरावर आपटू लागली की स्प्रिंग असून नसल्यासारखी होते आणि रस्त्याचा प्रत्येक ठोका थेट बसणाऱ्याच्या पाठीत जातो. शॉकअब्जॉर्बरचे, म्हणजे बोलीतल्या शॉकअपचे, काम निराळे आहे. तो वजन पेलत नाही; दबलेल्या स्प्रिंगने पुन्हापुन्हा झोके घेऊ नयेत म्हणून तेलाच्या विरोधाने तिचा वेग आवरतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी किती खाली गेली यापेक्षा खाली गेल्यावर चाल किती शिल्लक राहिली, हे पाहावे लागते. घर भरून बसल्यावर उरणारी ही शिल्लक म्हणजेच रोजच्या प्रवासाचे सुख होय. गाडी खाली करणे म्हणजे या शिल्लकेतून रक्कम काढणे. शिल्लक भरपूर असेल तर थोडी काढता येते; आधीच तुटपुंजी असेल तर काढलेली रक्कम पहिल्याच खड्ड्यात व्याजासह परत मागितली जाते.

कापसाच्या व्यापाऱ्याकडे मोजण्याचे एक साधन सहज उपलब्ध असते, ते म्हणजे वजनकाटा. ज्या काट्यावर कापसाचे ट्रॅक्टर उभे राहतात, त्याच काट्यावर आधी गाडीची फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके उभी करून दोन्ही आसांवरचे वजन काढता येते. काटा आणि त्याच्या तोंडाशी असलेली जमीन एका पातळीत असावी, एवढीच काळजी घ्यायची. या घराच्या गाडीचे रिकामे वजन पुढे ६८० किलो आणि मागे ४३० किलो भरले. नंतर पाच माणसे आणि मुक्तागिरीला नेण्याचे सामान भरून पुन्हा काट्यावर घेतली, तेव्हा पुढे ८२० आणि मागे ६७० किलो झाले. पुढच्या आसावर १४० किलो वाढले, मागच्या आसावर २४०. घरची माणसे आणि सामान यांचा भार मुख्यतः मागेच पडतो, आणि आजी बसतात तीही मागचीच जागा.

दुसरे मोजमाप टेपने केले. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रिकाम्या गाडीत एकदा आणि भरलेल्या गाडीत एकदा घेतले. गाडी पुढे सुमारे ३ सेंटीमीटर आणि मागे साडेपाच सेंटीमीटर खाली बसली. शॉकअपचे धूळ अडवणारे आवरण वर सरकवून बंप-रबरापर्यंतचे अंतर पाहिले, तेव्हा मागे रिकाम्या गाडीत सुमारे १० सेंटीमीटर चाल होती. म्हणजे घर भरून बसल्यावर उरणारी शिल्लक अवघी साडेचार सेंटीमीटर. मुलाला गाडी ४ सेंटीमीटर खाली हवी होती. स्प्रिंग तेवढीच मऊ ठेवून ती खाली केली असती, तर आजींच्या बैठकीखाली अर्धा सेंटीमीटर चाल उरली असती. हा आकडा मुलाने स्वतः कागदावर लिहिला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

स्प्रिंग कापण्याचा मार्ग यापेक्षाही फसवा असतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक कापला, तर तिचा कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे भाराखाली ती थोडी कमी दबते, एवढाच तिचा लाभ. परंतु कारखान्यात स्प्रिंगचे टोक बैठकीवर नीट बसावे म्हणून विशिष्ट आकाराचे केलेले असते. कापलेल्या टोकाला ती बैठक राहत नाही, आणि चाक हवेत लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटण्याचा धोका राहतो. गॅस-कटरने तापवून स्प्रिंग बसवण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. त्यात पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढे आपोआप खचत जाते किंवा तुटते. या दोन्ही मार्गांना स्वस्त म्हणणे म्हणजे तारणाशिवाय दिलेल्या कर्जाला सुरक्षित म्हणण्यासारखे आहे.

तिसरा मार्ग म्हणजे गाडीच्या नेमक्या नमुन्यासाठी तयार केलेली, मर्यादित खाली बसवणारी स्प्रिंग आणि तिच्याशी जुळणारा शॉकअप. मुलाने २ सेंटीमीटर खाली बसवणाऱ्या आणि मूळपेक्षा सुमारे २० टक्के कडक अशा संचाचा हिशोब मांडला. रिकाम्या गाडीची १० सेंटीमीटर चाल २ ने कमी होऊन ८ राहते. कडक स्प्रिंग भाराखाली साडेपाचऐवजी सुमारे साडेचार सेंटीमीटरच दबते. शिल्लक साडेतीन. वेढा कापून ४ सेंटीमीटर खाली केल्यास हीच शिल्लक दीड सेंटीमीटर. मूळ गाडीत ती साडेचार. तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले की निवड जवळजवळ आपोआप होते. डौलासाठी एक सेंटीमीटर शिल्लक देणे हा व्यवहार परवडतो, तीन सेंटीमीटर देणे परवडत नाही.

कडकपणा २० टक्क्यांनी वाढला म्हणजे धक्केही २० टक्क्यांनी वाढतील, असा समज होऊ शकतो. स्प्रिंगवरच्या गाडीचे झुलणे कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जलद होते. त्यामुळे २० टक्के कडक स्प्रिंगवर गाडी साधारण १० टक्के जलद झुलते. आरामशीर गाडी सेकंदाला एक ते दीड झोके या गतीने हलते, आणि ही गती माणसाच्या शरीराला चालण्यामुळे ओळखीची असल्याने त्रासदायक वाटत नाही. सव्वा झोक्याची गाडी सव्वाच्या किंचित वर गेली, तर आजींनाही ते फारसे जाणवू नये. ती दोन झोक्यांच्या पुढे गेली की मात्र घरातील प्रत्येकाला जाणवते.

रस्त्याचे गणितही तेवढेच महत्त्वाचे आहे. समृद्धी महामार्ग धामणगाव तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तेथे खाली बसलेली गाडी खरोखरच स्थिर वाटते. पण घरापासून महामार्गापर्यंत आणि जिनिंगच्या फाटकापासून शेतापर्यंतचा रस्ता तसा नसतो. वऱ्हाडातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे डांबर त्यामुळे लाटांसारखे उंचसखल होते. पांदण रस्त्यांविषयी तर बोलायलाच नको. या लाटांवर चाल कमी असलेली गाडी वेग थोडा वाढताच रबरावर आपटू लागते.

गतिरोधकाचा हिशोब मुलाने वेगळा काढला. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. दोन आसांमधील अंतर २.६ मीटर असलेली गाडी अशा गतिरोधकावर पूर्ण चढली, तर त्याचा माथा चाकांच्या रेषेपेक्षा केवळ ५ सेंटीमीटर वर येतो. त्यावर कोणत्याच मार्गाने खाली केलेली गाडी घासणार नाही. घासते ती प्रमाण न पाळता घरापुढे कोणी सिमेंट ओतून केलेल्या अरुंद उंचवट्यावर, कारण तेथे त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाखालून जाते. रिकाम्या गाडीखाली १६५ मिलिमीटर मोकळी जागा असेल, तर घर भरून बसल्यावर मधोमध साधारण १२ सेंटीमीटर उरतात. २ सेंटीमीटरच्या संचात साधारण ११, आणि वेढा कापून ४ सेंटीमीटर खाली केल्यास साधारण ९. गल्लीतील उंचवटा १० सेंटीमीटरचा असेल तर शेवटची गाडी रोज घासणार. मुलाने टेप घेऊन आपल्या गल्लीतले आणि दुकानाच्या वाटेवरचे उंचवटे मोजले. दोन १० सेंटीमीटरचे निघाले, एक १५ सेंटीमीटरचा. पंधराच्या उंचवट्यावर मूळ गाडीसुद्धा भरून नेता येणार नाही, हे त्या दिवशी वडिलांच्या लक्षात आले. तेथे गाडी आडवी घेऊन का जावी लागते, याचे कारण त्यांना एवढी वर्षे ठाऊक नव्हते.

खाली बसवण्याचा फायदा किती, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. साध्या सेडानचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंटीमीटर उंच असतो. तो २ सेंटीमीटर खाली आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारे वजन सुमारे ४ टक्क्यांनी कमी होते. लाभ खरा, पण लहान. गाडी झुलत नाही असे जे जाणवते, ते मुख्यतः कडक स्प्रिंग आणि चांगल्या शॉकअपमुळे. शिवाय पुढची रचना मॅकफर्सन पद्धतीची असेल, आणि बहुतेक लहान गाड्यांत ती तशीच असते, तर गाडी जास्त खाली नेल्यावर खालच्या आर्मचा कोन बिघडतो आणि वळणावरचा झुकाव उलट वाढू शकतो. म्हणजे चार बोटे खाली नेलेली गाडी दोन बोटे खाली नेलेल्या गाडीपेक्षा वळणावर चांगली चालेलच, असे नाही.

हा हिशोब चालू असताना मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याने गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येऊन लगेच स्थिरावते. ही गाडी तीनदा वरखाली झाली. मागच्या शॉकअपवर तेल ओघळलेले होते. म्हणजे मुलाला जे झुलणे खटकत होते, त्याचे मोठे कारण गाडीची उंची नव्हतीच. झिजलेले शॉकअप होते. अशा शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग बसवली असती तर गाडी अधिकच उसळली असती. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप यांची निवड नेहमी एकत्रच करावी. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी आखूड दांड्याचे शॉकअप मिळतात. मूळ लांबीचा शॉकअप तसाच ठेवला तर तो दबलेल्या स्थितीतच काम करतो आणि लवकर निकामी होतो. एकदा खोललेच आहे तर बंप-रबर, वरचे माउंट आणि बुश त्याच वेळी बदलून घ्यावेत, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. बसवल्यानंतर अलाइनमेंट लगेच करावी आणि स्प्रिंग स्थिरावल्यावर पुन्हा एकदा. गाडी खाली गेली की चाकांचा कोन बदलतो, आणि दुर्लक्ष केल्यास टायर आतल्या कडेने झिजतात. पुढच्या दिव्यांचा झोतही तपासून घ्यावा.

जर्मनीसारख्या देशात अशा स्प्रिंगांसोबत तांत्रिक तपासणीचे प्रमाणपत्र येते. कोणत्या आसावर किती वजनापर्यंत ती स्प्रिंग चालेल, हे त्यात लिहिलेले असते, आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. वजनकाट्यावरचे ८२० आणि ६७० हे आकडे अशाच वेळी उपयोगी पडतात. विक्रेत्याने आसाचे कमाल वजन सांगितले नाही, तर त्याच्याकडून माल न घेणे उत्तम. गाठीचे वजन न सांगणाऱ्या विक्रेत्याशी कोणी सौदा करीत नाही.

आपल्याकडे कायद्याची बाजू दुर्लक्षून चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ही मर्यादा ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, हे वेगळेच. म्हणून परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला गाडीचा नमुना व संचाचा तपशील देऊन लेखी विचारणा करावी आणि दोन्ही उत्तरे हाती आल्याशिवाय मूळ स्प्रिंग काढू नयेत. तोंडी होकाराला व्यवहारात जेवढी किंमत असते, तेवढीच येथेही असते.

या घराने क्रम असा ठरवला. प्रथम झिजलेले चारही शॉकअप मूळ प्रकारचेच बदलले, टायरमध्ये दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबाप्रमाणे हवा भरली आणि अलाइनमेंट केली. त्यानंतर सर्वजण मुक्तागिरीला जाऊन आले. परतवाड्याच्या पुढे मुलाने मागे वळून आजींना विचारले, "आजी, पाठ कशी आहे?" आजी म्हणाल्या, "आज विचारलंस म्हणून आठवली रे." लग्न झाल्यावर दमणीतून सासरी आल्या होत्या, तेव्हा त्या लाकडी आसाला स्प्रिंगच नव्हती, हेही त्यांनी हसत सांगितले.

मुलाची दोन सेंटीमीटरची इच्छा मात्र गेली नव्हती, आणि ती जावी असे कोणी म्हणालेही नाही. तरुण माणसाला आपली वस्तू सुबक दिसावी असे वाटणे हा दोष नव्हे. वडिलांनी एके संध्याकाळी त्याचा हिशोबाचा कागद मागून घेतला, प्रत्येक बेरीज तपासली, आणि परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्या नावे लिहिलेल्या दोन्ही अर्जांवर मालक म्हणून स्वतः सही केली. मूळ मागणी चार सेंटीमीटरची होती. अर्जात दोन लिहिले होते.

ज्यांच्या घरी असाच विषय निघाला असेल, त्यांनी क्रम लक्षात ठेवावा. आधी काटा आणि टेप, मग शॉकअपची तपासणी, मग कागदपत्रे आणि शेवटी खरेदी. गाडी रिकामी असताना कशी दिसते, ते फाटकात उभे राहून पाहता येते. ती कशी चालते, हे ठरवण्यासाठी घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला मागच्या जागेवर बसवावे आणि मग मोजावे.